वादळाचा क्लेम आगोटीआधीच ठरतो

प्रश्न असा आहे: दापोली तालुक्यात किनाऱ्याजवळ हार्डवेअरचं दुकान, मागे पत्र्याचं गोदाम, वर पर्यटकांना द्यायच्या दोन खोल्या. २०२० च्या निसर्ग वादळात गोदामाचे पत्रे उडाले, सिमेंट आणि प्लायवूड भिजलं, वीज कित्येक दिवस नव्हती. विमा होता, क्लेमही केला, पण हातात पडले निम्म्याहून कमी. पुढच्या वादळाआधी काय करून ठेवावं, म्हणजे ही पाळी पुन्हा येणार नाही?

मी बरीच वर्षं कोकणपट्टीत विमा कंपन्यांसाठी नुकसानीचे सर्व्हे करतो. म्हणजे तुमच्या भाषेत, क्लेम कापणारा माणूस. म्हणून सुरुवातीलाच सांगतो की बहुतेक क्लेम सर्व्हेअर दारात येण्याच्या कितीतरी आधी कापले गेलेले असतात. पॉलिसी घेताना काही राहून जातं, हिशेब लिहिताना काही लपवलं जातं, आणि वादळानंतर सर्व्हेअर फक्त त्याची बेरीज करतो. वादळानंतर धावपळ करून ही बेरीज फारशी बदलत नाही. आधी बदलते, आगोटीच्या म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या दिवसांपूर्वीच.

पहिलं काम बँकेत जायचं. हसू नका. तुमच्यासारख्या सीसी खात्यावर, म्हणजे साठा तारण ठेवून घेतलेल्या कॅश क्रेडिट कर्जावर, धंदा करणाऱ्या दुकानदारांच्या पॉलिसी बऱ्याचदा बँकेनेच काढलेल्या असतात, हप्ता खात्यातून परस्पर जातो आणि कागद बँकेच्या फायलीत पडून राहतो. मालकाने तो कधी पाहिलेलाच नसतो. बँकेला तिच्या कर्जापुरती काळजी असते, त्यामुळे विमा अनेकदा फक्त स्टॉकचा असतो आणि तोही कर्जमर्यादेएवढा. इमारत, फर्निचर, रॅक, वजनकाटा, जनरेटर यांचं नावही नसतं. पूर्ण प्रत मागा, नुसतं पहिलं पान नको. त्यात पत्ता नीट वाचा. दुकान आणि मागचं गोदाम यांचे घर क्रमांक वेगळे असतील आणि पॉलिसीत एकच असेल, तर गोदामातल्या मालावर वाद ठरलेला. वरच्या खोल्या पर्यटकांना देता हेही पॉलिसीत लिहिलेलं हवं. राहत्या घराची पॉलिसी घेऊन खोल्या भाड्याने दिल्या असतील, तर तो वापर कंपनीला माहीत नव्हता ही सबब तयारच असते. छप्पर पत्र्याचं की स्लॅबचं, तेही खरंखरं लिहून घ्या. बाहेर उघड्यावर ठेवलेला माल, म्हणजे तुमच्याकडचे पाइप, टाक्या, वाळूसिमेंटचं सामान, वेगळं नमूद केल्याशिवाय धरलं जाईल असं गृहीत धरू नका. छतावर सोलर पॅनेल किंवा मोठी पाटी असेल तर तीही लिहून घ्या, वाऱ्याला पहिली तीच सापडते.

आणि त्याच कागदावर एक शब्दसमूह शोधा: वादळ, चक्रीवादळ, पूर, पाणी साचणे. विम्याच्या धंद्यात याला इंग्रजी आद्याक्षरांवरून एसटीएफआय म्हणतात. जुन्या साध्या फायर पॉलिसीत हे संरक्षण हप्ता कमी करण्यासाठी काढून टाकता येत असे, आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी ते काढून टाकलेलं मी पाहिलं आहे. आग कधी लागेल म्हणून विमा आणि दरवर्षी येणाऱ्या पावसाला सूट! १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी प्रमाणित पॉलिसी आल्या. एका जागेवरची विमापात्र मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, ५ ते ५० कोटी असेल तर भारत लघु उद्यम सुरक्षा. यांत वादळ आणि पूर आधीपासूनच धरलेले आहेत. तुमची निसर्गच्या वेळची पॉलिसी यांच्या आधीची. त्यानंतर नूतनीकरण कुठल्या पॉलिसीत झालं, ते एजंटला सरळ विचारा.

आता तुमचा क्लेम निम्म्यावर का आला असेल, त्याकडे येऊ. तुमचे कागद माझ्यासमोर नाहीत, पण अशा दुकानांत सर्वांत मोठी कात्री एकच असते: विम्याची रक्कम कमी असणं. समजा स्टॉकचा विमा २० लाखांचा, आणि वादळाच्या दिवशी दुकान-गोदामात खरोखर माल होता ३२ लाखांचा. नुकसान झालं ८ लाखांचं. मालकाला वाटतं, २० लाखांचा विमा आहे, ८ तर मिळणारच. पण ३२ चा विमा घ्यायला हवा होता तिथे २० चा घेतला, म्हणजे उरलेल्या भागाचा विमा मालकाने स्वतःवर घेतला असं धरतात. ८ लाखांना २० भागिले ३२. उत्तर ५ लाख. त्यातून पॉलिसीत लिहिलेली एक्सेसची, म्हणजे मालकाने स्वतः सोसायची, रक्कम आणि भिजलेल्या मालाची भंगार किंमत वजा. ८ चे साडेचार व्हायला वेळ लागत नाही. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत इथे एक चांगली सोय आहे: विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी असेल तर ही कात्री चालवत नाहीत. वरच्या उदाहरणात विमा २८ लाखांचा असता, तर तफावत साडेबारा टक्के, आणि हिशेब पूर्ण ८ लाखांवर झाला असता. २० आणि २८ मधल्या हप्त्याचा फरक एजंटला विचारा आणि या ३ लाखांशी ताडून पाहा.

कोकणात यात एक खास मेख आहे. विम्याची रक्कम बहुतेक जण ३१ मार्चच्या ताळेबंदावरून ठरवतात, कारण सीएने तो आकडा काढून दिलेला असतो. पण हार्डवेअरच्या दुकानात माल मार्चमध्ये भरलेला नसतो. तो भरतो आगोटीला. ताडपत्री, प्लास्टिकचा कागद, सिमेंटचे पत्रे, कौलांखालच्या रीपा, गळती बुजवायचं सामान, हे सगळं एप्रिल-मे मध्ये गोदामात उतरतं. आणि अरबी समुद्रातली वादळं नेमकी तेव्हाच येतात, मे-जूनमध्ये आणि पुन्हा पावसाळा सरल्यावर. निसर्ग ३ जूनला आलं, तौक्ते २०२१ च्या मेच्या मध्यावर किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, २००९ चं फयान ११ नोव्हेंबरचं. म्हणजे वर्षातला सर्वांत जास्त साठा आणि सर्वांत मोठा धोका एकाच महिन्यात. विमा त्या महिन्याच्या साठ्याचा घ्या, मार्चचा नाही. किमती दरवर्षी वाढतात, तेही धरा. आणि हे काम मेच्या अखेरीवर ढकलू नका. हवामान खात्याचा इशारा आला की कंपन्या त्या किनाऱ्यावर वादळाचा नवा धोका सहसा घेत नाहीत, वाढीव रक्कमही नाही.

रक्कम बरोबर झाली की पुढचा प्रश्न: त्या दिवशी माल किती होता, हे सिद्ध कसं करणार? सर्व्हेअर हे तुमच्या सांगण्यावरून ठरवत नाही. तो मार्चअखेरचा साठा घेतो, त्यात तेव्हापासूनची खरेदी मिळवतो, विक्रीतून तुमचा नफा काढून तिची खरेदी किंमत वजा करतो. उरतो तो वादळाच्या सकाळचा साठा. नफ्याचं प्रमाण तो मागच्या दोन-तीन वर्षांच्या ट्रेडिंग अकाउंटवरून काढतो आणि खरेदी-विक्रीचे आकडे जीएसटीच्या रिटर्नशी लावून बघतो. इथे दोन प्रकारची माणसं अडकतात. पहिली, बिलाशिवाय खरेदी करणारी. माल खरोखर होता, भिजला, पण वहीत नाही म्हणजे क्लेममध्ये नाही. दुसरी, आणि ही जास्त, बँकेला फुगवलेलं स्टॉक स्टेटमेंट देणारी. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे साठ्यावर खात्यातून उचलता येणारी रक्कम, वाढावी म्हणून दरमहा बँकेला ४० लाखांचा साठा दाखवायचा, वहीत २५ लाख. वादळानंतर सर्व्हेअर बँकेकडून तेच स्टेटमेंट मागवतो. मग ४० खरे मानले तर विमा कमी पडतो आणि कात्री लागते, २५ खरे मानले तर तुम्ही बँकेला खोटं सांगितलं हे लेखी होतं, आणि दोन्ही सांभाळायला गेलात तर सर्व्हेअरचा तुमच्या बाकीच्या कागदांवरचा विश्वासही उडतो. यावर माझ्याकडे कुठलीच युक्ती नाही. या महिन्यापासून बँकेला खरा आकडा द्यायला लागा, मर्यादा कमी झाली तर होऊ दे.

हिशेबाचा संगणक गल्ल्याजवळ, खालच्या फळीवर असतो. बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा नेमक्या याच दोन वस्तू एकत्र पाण्याखाली जाणं ही काय आफत असते, ते तिथल्या व्यापाऱ्यांनी भोगलं. टॅलीचा बॅकअप दर आठवड्याला ईमेलवर जाऊ दे, सीएकडे एक प्रत असू दे, मोठ्या खरेदीच्या बिलांचे फोटो मुलाच्या फोनवर असू देत. मुलगा पुण्या-मुंबईत असेल तर फारच उत्तम.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात, माल उतरून झाला की, फोन हातात घेऊन दुकानातून सावकाश एक फेरी मारा आणि व्हिडिओ काढा. बाहेरून सुरुवात करा, पाटी दिसू द्या, मग रॅक, थप्प्या, सिमेंटच्या गोण्या किती उंच लागल्या आहेत ते. नंतर कॅमेरा वर वळवा. छपराकडे कुणी बघत नाही आणि वादळाचा सगळा क्लेम छपरापासून सुरू होतो. पत्रे लोखंडी पर्लिनला, म्हणजे छपराच्या आडव्या बारांना, जे-हूकने पकडलेले असतात. किनाऱ्यावर खारी हवा हे हूक तीन-चार पावसाळ्यांत खाऊन टाकते. पत्रा उडाल्यावर मी वर चढतो तेव्हा पर्लिनवर राहिलेला हूक हातात घेऊन पाहतो. तो सरळ झाला असेल किंवा ताणून तुटला असेल, तर वाऱ्याचं काम. तुटलेल्या टोकाला जुना तांबूस गंज आतपर्यंत असेल, तर कंपनी देखभाल नव्हती म्हणायला लागते. त्यामुळे पावसाळ्याआधी फॅब्रिकेटरला बोलावून हूक, वॉशर बदलून घ्या आणि त्याच्याकडून बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर लिहिलेले हजार-दोन हजार क्लेमच्या वेळी कुणी मानत नाही.

छपराचं महत्त्व आणखी एका कारणासाठी. पत्रा उडाला, पन्हळ मोडली, झाड पडून कौलं फुटली आणि तिथून पाणी आत आलं, तर तो वादळाचा क्लेम. छप्पर जागेवर आहे पण भिंतीतून ओल आली किंवा जुन्या भेगेतून गळलं, तर नाही. म्हणून पाणी कुठून आलं, हे पहिल्याच फोटोत दिसलं पाहिजे: वर उघडं आकाश आणि खाली त्याच रेषेत भिजलेली थप्पी. दारातून पुराचं पाणी आलं असेल तर भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेला मोजपट्टी लावून फोटो काढा, रंगारी बोलावण्याआधी. अंगणातलं नारळाचं झाड मोडलं तर झाडाचे पैसे या पॉलिसीत नाहीत, त्याने मोडलेल्या छपराचे आहेत. श्रीवर्धनकडे सुपारीच्या अख्ख्या वाड्या आडव्या झाल्या तेव्हा घर-दुकानाच्या पॉलिसीतून त्यांचं काही मिळेल, अशी आशा बऱ्याच जणांना होती.

वादळाच्या नंतरचे पहिले दोन-तीन दिवस. निसर्ग दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाने, १२० च्या झोतांनी धडकलं आणि पाठोपाठ वीज गेली, फोन गेले. कंपनीला कळवायचं कसं? ज्याच्या गावात नेटवर्क आहे अशा एका नातेवाइकाकडे आजच पॉलिसी क्रमांक, कंपनीचा ईमेल आणि टोल-फ्री नंबर देऊन ठेवा. त्याने चार ओळींचा मेल टाकला तरी पुरतं: पॉलिसी क्रमांक, पत्ता, वादळ, अंदाजे नुकसान, संपर्क कसा होईल. अंदाज चुकला तरी चालेल, तो पुढे दुरुस्त होतो. कळवल्याची तारीख दुरुस्त होत नाही.

मग आवराआवर. लोक दोन टोकांना जातात. काही जण सर्व्हेअर येईपर्यंत सगळं तसंच ठेवतात, आणि वरून पाऊस पडतच असतो. काही जण लाजेपोटी किंवा वासामुळे दुसऱ्या दिवशीच सगळं उकिरड्यावर टाकतात. विमा नसता तर जे केलं असतं तेच करायचं: ताडपत्री टाका, कोरडा माल हलवा, ओला वेगळा करा, मजुरीच्या आणि ताडपत्रीच्या पावत्या ठेवा. पण त्याआधी फोटो, आणि भिजलेला माल मोजून एका बाजूला रचलेला. सिमेंट दगड झालं तरी गोण्या मोजता आल्या पाहिजेत. प्लायवूडच्या फुगलेल्या कडा, खिळ्यांच्या गंजलेल्या पेट्या, प्रत्येकाची वेगळी थप्पी. पीव्हीसी पाइप आणि बंद डब्यातला रंग पाण्याने खराब होत नाही. तो नुकसानीच्या यादीत घालू नका, त्या एका ओळीमुळे बाकीच्या यादीकडे संशयाने पाहिलं जातं. काही सडत असेल, टाकावंच लागणार असेल, तर सर्व्हेअरला किंवा कंपनीला मेल करून कळवा, नमुना ठेवा, मग टाका. भंगारवाला आला म्हणून परस्पर विकू नका.

तलाठ्याचा पंचनामा जरूर करून घ्या, पण तो सरकारी मदतीसाठी असतो. त्यातली रक्कम विमा कंपनीला बांधून ठेवत नाही. तिथे ५० हजार आणि क्लेममध्ये ८ लाख असं असेल तर मात्र खुलासा द्यावा लागेल, तेव्हा तलाठी लिहीत असताना मालाची यादीही समोर ठेवा.

विजेचं प्रकरण वेगळं आहे आणि बहुतेकांना तिथे धक्का बसतो. तुमच्या खोल्यांच्या फ्रीजमधलं सामान, शेजारच्या आइस्क्रीमवाल्याचा माल, मासळीवाल्याचा बर्फ, हे सगळं वीज गेल्याने खराब झालं. पण खांब पडले ते महावितरणचे, तुमच्या जागेबाहेर. साध्या पॉलिसीत याचं काही मिळत नाही. शीतगृहातला माल खराब होण्याचं संरक्षण वेगळं जोडावं लागतं आणि त्यातही वीजपुरवठादाराच्या बाजूचा बिघाड धरला आहे का, हे वाचावं लागतं. तसंच धंदा बंद राहिल्याचं. मेचा उरलेला पर्यटन हंगाम बुडाला, खोल्या महिनाभर रिकाम्या, तरी भिंती-छपराच्या पॉलिसीत गेलेला नफा नसतो. त्याला धंदा-खंड पॉलिसी लागते, आणि ती चालते तीही आधी मालमत्तेच्या नुकसानीचा क्लेम मान्य झाला तरच. तुमच्या दोन खोल्यांसाठी ती घ्यावी असं मला वाटत नाही, हार्डवेअरची उलाढाल मोठी असेल तर जरूर विचार करा.

कुणाचे नातेवाईक ह्यूस्टनला किंवा फ्लोरिडात धंदा करत असतील तर त्यांचा सल्ला इथे जसाच्या तसा लावू नका. तिकडे हरिकेनच्या वाऱ्याचा विमा वेगळा आणि पुराचा बहुधा सरकारी योजनेतून वेगळा, त्यात सहसा ३० दिवसांची थांबण्याची मुदत. त्यामुळे छत आधी वाऱ्याने गेलं की पाण्याने, यावर तिकडे वकील भांडतात. आपल्याकडे वारा आणि पूर एकाच कलमात असल्याने ही भानगड सहसा होत नाही.

रकमेच्या दोन गोष्टी. माल खरेदी किमतीला धरतात, विक्रीच्या नाही. आणि जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली वजावट, परत करावं लागतं. म्हणजे तो कर तुमच्या अंगावर पडतो. सर्व्हेअर साधारणपणे कर वगळून किंमत धरतो. क्रेडिट परत केल्याचा कागद दाखवून ती रक्कम मागा, आणि यासाठी स्टॉकची विमा रक्कम ठरवतानाच कर धरलेला असू दे. इमारत आणि यंत्रांसाठी नव्या किमतीचं कलम असेल, तर घसारा न कापता पैसे मिळतात, पण प्रत्यक्ष दुरुस्ती करून बिलं दिल्यावर, आणि साधारण १२ महिन्यांच्या आत. पैसे अडकले म्हणून दुरुस्ती थांबवली तर घसारा कापलेलीच रक्कम हाती राहते. हातात रोकड नसेल तर कंपनीकडे लेखी अंशतः रक्कम आधी मागा. मोठ्या वादळानंतर मागितली तर ती मिळू शकते, न मागता कोणी देत नाही.

शेवटी डिस्चार्ज व्हाउचर येतं, म्हणजे ही रक्कम मान्य आहे असं लिहून देण्याचा कागद. रक्कम पटली नसेल तर सही करण्याआधी कपातीचं कारण आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. सही करून पैसे घेतले म्हणून पुढचा मार्ग कायमचा बंद होत नाही, विमा नियामकाने २०१५ मध्येच कंपन्यांना हे सांगितलेलं आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, नंतर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाकडे. एकल मालकीचा धंदा किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर लोकपालाकडे जाता येतं, वकील लागत नाही, फी नाही आणि तिथली मर्यादा आता ५० लाखांची आहे. मुदत मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाची. तुमचा निसर्गचा क्लेम त्या मुदतीच्या पलीकडे गेला आहे, तेव्हा त्याच्या मागे आता वकिलाची फी घालू नका. पण त्याचा सर्व्हे रिपोर्ट मात्र शोधून काढा. कपात कुठल्या कलमाखाली झाली, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि एजंटसमोर नूतनीकरणाला बसाल तेव्हा तो कागद टेबलावर असू दे.